पाय ओढून लांब होत नसतो, तेवढं फॉरवर्ड करणं थांबवा

सध्या सोलापुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. एक माणूस एका बाईला टेबलवर झोपवतो, दोन्ही टाचा जवळ आणतो, एक टाच वर दिसते, तो म्हणतो बघा पेल्विस (कंबरेचा हाडांचा सांगाडा) सरकलंय, पाय आखूड झालाय, मग कंबरेला एक झटका, पायाला एक ओढ आणि टाचा एकदम सारख्या. खाली मेसेज की कंबरदुखी, गुडघेदुखी, मायग्रेन, शुगर, मूल न होणं या सगळ्याचं मूळ हेच आहे, पेल्विस पुढे झुकलं की पोटही सुटतं, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत, घरीच तपासा, आणि पोरगं लंगडत असेल तर रोज त्याचा पाय ओढा, दवाखान्यात नेलं की ऑपरेशनच सांगतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असलं रोज येतं, बघून सोडून देते. पण हे विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आत्याकडे पोचलं, तिने असल्याच एका सेंटरात झटका घेतला, मोच्याकडून डाव्या चपलेला रबराचा थर लावून घेतला आणि वर शेजारच्या सहा वर्षांच्या पोराचा पाय कसा ओढायचा ते त्याच्या आईला शिकवायला लागली. आता गप्प बसणं शक्य नाही.

टाचा जुळवण्यापासून सुरू करू. झोपल्यावर टाच वरखाली दिसायला पाय आखूड असावा लागत नाही. जरा तिरकं झोपलात, एका बाजूची कंबर आखडलेली असली, एक गुडघा किंचित वाकलेला राहिला तरी फरक दिसतो. आणि त्या बाईच्या पायात बूट आहेत! बूट टाचेपासून थोडा सैल करून ओढला की पाय लांब झालेला दिसतो, ही हातचलाखी जुनी आहे. व्हिडिओ परत लावा, शेवटी त्याचा हात नेमका कुठे आहे ते बघा.

खरं मोजायचं तर कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत टेप लावतात, किंवा उभं करून आखूड पायाखाली पातळ फळ्या ठेवत कंबर समान येईपर्यंत बघतात, आणि शंका राहिली तर उभ्याने एक्सरे. आणि मोजल्यावर फरक निघतोच, बहुतेकांचा निघतो. 2005 साली गॅरी नटसन नावाच्या माणसाने यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून लिहिलं की 90 टक्के लोकांच्या पायांच्या हाडात काही ना काही फरक असतोच, सरासरी 5.2 मिलिमीटर, आणि साधारण 20 मिलिमीटरपर्यंत बहुतेकांना त्याने काही होत नाही. म्हणजे वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा एक पाय आखूड आहे, अभिनंदन. आणि हे लिहिणारा कोणी ऑपरेशनवाला सर्जन नव्हता, तो स्वतः कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने झटके देऊन मणके-सांधे बसवणारा, व्हिडिओतला माणूस ज्या पंथाचं नाव लावतो त्याच पंथातला. डॉक्टर लपवतात म्हणे! वीस वर्षांपासून छापलेलं पडलंय.

शुगर आणि मायग्रेनवर मी वेळ घालवणार नाही. शुगर इन्शुलिनचा प्रश्न आहे, खुब्याचा नाही.

आता झटका. पेल्विस म्हणजे काय कपाटाचा खण आहे का, सरकला आणि ढकलून बसवला? माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे सांधे आहेत ते दोनचार अंशच हलतात, इतक्या जाड लिगामेंटनी ते बांधलेले असतात. 1998 मध्ये स्वीडनच्या लोकांनी झटक्याआधी आणि झटक्यानंतर त्या सांध्याची जागा एक्सरेने अगदी बारीक मोजली, हाताने तपासणाऱ्याला वाटलं बसलं, प्रत्यक्षात हाड जागचं हललं नव्हतं. आणि हाड खरंच लांब करायचं असेल तर काय करावं लागतं माहितीये? हाड कापून बाहेरून रिंगांची चौकट लावतात, सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह या डॉक्टरची पद्धत, आणि दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने ते वाढवतात, नंतर ते घट्ट व्हायला महिनोन्महिने. हा गडी पाच सेकंदात सेंटिमीटर वाढवतोय.

आत्याचा मुलगा म्हणतो, "ताई, तिला बरं वाटालंय की." वाटालं असेल, नाही म्हणत नाही. जन्मभर मांडीवर सूप घेऊन, एक पाय दुमडून विड्या वळल्यावर एका बाजूची कंबर आखडणारच, मग हाड सारखं असूनही कंबर एका बाजूला उचललेली राहते आणि पाय आखूड भासतो. दाबलं, ताणलं की स्नायू सैल होतो, दोन दिवस आराम. मग परत विड्या, परत तेच. याला बसायची पद्धत बदलणं, मधे उठणं आणि रोजचा व्यायाम लागतो.

सगळ्यात संताप येतो तो पोरांच्या पायावरून. सहा वर्षांचं पोर लंगडतंय याची कारणं काय असतात ऐका. चार ते आठ वयात पर्थेस नावाचा आजार होतो, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो मऊ पडतो आणि दुखतं बऱ्याचदा मांडीत नाहीतर गुडघ्यात, म्हणून घरचे गुडघ्याला तेल लावत बसतात. दहा ते सोळा वयात, त्यातही जाड पोरांत, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, हाड जिथून वाढतं त्या वाढीच्या पट्टीवरून घसरतो, अशा पायाला ओढ दिली तर तो आणखी घसरू शकतो. लंगडणं आणि ताप एकत्र असेल तर सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही. आणि जन्मतःच खुबा निसटलेला असला तर बऱ्याचदा मूल चालायला लागल्यावरच कळतं. उसण भरली की पायाळूची लाथ खाणारे आपण लोक, पण पायाळू जन्मलेल्या बाळाचाच खुबा निसटलेला असायची शक्यता जास्त असते, साधारण सहा आठवड्यांचं असताना सोनोग्राफी करून बघायचं असतं हे किती घरांत माहीत आहे? लवकर सापडलं तर पट्ट्यावर भागतं, उशीर झाला की मग खरंच ऑपरेशन. त्या शेजारणीला मी सरळ सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत जायला सांगितलंय.

चपलेच्या थराबद्दल मात्र अर्धं खरं आहे, कबूल करावं लागेल. फ्रॅक्चर वाकडं जुळलं, लहानपणी पोलिओ झाला, खुब्याचा सांधा बदलला, अशात खरा फरक राहतो आणि तिथे उंची देऊन चांगला फायदा होतो. एक सेंटिमीटर किंवा जास्त फरक असलेल्यांत आखूड पायाच्या गुडघ्याची झीज जास्त दिसते असाही मोठा अभ्यास आहे. पण मोजून, थोडी थोडी द्यायची. आत्याचा मी टेप लावून मोजला, फरक जेमतेम चारपाच मिलिमीटर, आणि मोच्याने लावलेला थर दीड सेंटिमीटरचा! म्हणजे नसलेला फरक तयार केला. वाढत्या मुलांत दोन ते पाच सेंटिमीटर फरक असेल तर लांब पायाची वाढ वेळ बघून थांबवतात, पण ते सर्जनचं काम.

राहिलं "पेल्विस पुढे झुकलंय म्हणून पोट सुटलंय". थोडं पुढे झुकलेलं असणं हेच बहुतेक धडधाकट माणसांत सापडतं. पोटाचं कारण ताटात शोधा.

त्या सेंटरवाल्याने दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय आणि आत्याने ॲडव्हान्स देऊन टाकलाय. रविवारी तो परत मागायला मी जाणार आहे, ग्रुपमधल्या आणखी कुणी भरला असेल तर पावती घेऊन या.