ह्वाचाचा डॅमेज कापू नका, रिलोड वाढवा

कुठल्याही स्ट्रॅटेजी गेममध्ये रॉकेटवाली गाडी आली की वाद ठरलेला. एक गट म्हणतो हे ओपी (गरजेपेक्षा ताकदवान) आहे, नर्फ (कमजोर) करा. मग गेमच्या पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, डॅमेज कापला की दुसरा गट म्हणतो आता हे युनिट काढायचंच कशाला. मला दोघांचंही पटत नाही, कारण आकडा डॅमेजचा चुकलेला नसतोच, चुकलेली असते वेळ. कोरियाची ह्वाचा, म्हणजे एकदम ढीगभर बाण सोडणारी चाकांची गाडी, काय किंवा तसंच रॉकेट-बाणांचं चीनचं 'मधमाश्यांचं पोळं' काय, ही हत्यारं एका दणक्यात सगळं ओतायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची. गेममध्ये मात्र ती दर काही सेकंदाला टुकूटुकू मारत राहतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. कोरियात १३७७ साली चोए मु-सन या माणसाच्या पाठपुराव्यामुळे दारूगोळ्याचं वेगळं सरकारी खातं निघालं. त्याच्या मुलाच्या हातून १४०९ च्या सुमारास पहिली ह्वाचा तयार झाली. पण आपण गेममध्ये बघतो ती गाडी त्याच्यानंतरची. सेजोंग राजाच्या काळात १४४८ मध्ये सिंगिजन नावाचे रॉकेट-बाण ठरलेल्या मापात बनायला लागले आणि त्याचा मुलगा मुंजोंग, ज्याला राज्य जेमतेम दोन वर्षं मिळालं, त्याने १४५१ मध्ये ह्वाचाची नवी रचना पक्की केली. एकाच गाडीवर दोन प्रकारचं सामान चढायचं, एक तर शंभर सिंगिजन भरलेली भोकांची पेटी, नाहीतर पन्नास छोट्या नळ्यांची चौकट आणि प्रत्येक नळीत चार बाण, म्हणजे एकदम दोनशे. १४७४ च्या राजदरबारी विधींच्या एका ग्रंथात याची चित्रं आणि मापं इतकी बारीक दिलीत की आजच्या कोरियन अभ्यासकांनी त्यावरून चालणारी ह्वाचा परत बांधली.

आता एक बाण हातात घेतल्यासारखा बघा. बांबूची काडी, पुढे लोखंडी टोक, त्याच्या मागे कागद गुंडाळून केलेली नळी आणि त्यात ठासून भरलेली काळी दारू. मधल्या आकाराच्या सिंगिजनला टोकाशी कागदाचा छोटा बॉम्बही असायचा, त्याची वात अशी जोडलेली की ढकलणारी दारू जळून संपली की आग आपोआप बॉम्बकडे जायची, म्हणजे बाण पोचायच्या वेळेला फुटायचा. छोट्याला बॉम्ब नाही. रेंज साधारण शंभर-दोनशे मीटरची, फार नाही. गाडीची चाकं मोठी आणि पेटी त्यांच्या वर, त्यामुळे मागचे दांडे जमिनीला टेकवले की पेटीचं तोंड आपोआप वर होतं आणि तोच तुमचा नेम. एकेका बाणाला नेम नाहीच. वारा आला की गेला. हे सगळं एका माणसावर मारायचं हत्यार नव्हतंच, दाटीने येणाऱ्या रांगेवर, घोड्यांवर, चढावर अडकलेल्या गर्दीवर मारायचं होतं.

आणि एकदा शंभर बाण गेले की परत शंभर भोकांत शंभर बाण घालायचे, वाती नीट लावायच्या, तेही समोरून शत्रू येत असताना. हे कुठल्या गेममध्ये दिसतं सांगा.

भिंती पाडायला तर याचा काडीचा उपयोग नाही. कागदी नळीतल्या बाणाने तट पडत नाही हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून मला सिव्ह फाइव्हमधली (सिव्हिलायझेशन या गेमचा पाचवा भाग) ह्वाचा खूप आवडते, ती ट्रेबुशेच्या, म्हणजे तट फोडणाऱ्या दगडफेक्या यंत्राच्या, जागी येते पण शहरांवरचा बोनस तिला दिलेलाच नाही, उलट मैदानातल्या युनिटवर ती भारी पडते. आणि सिव्ह सिक्समध्ये ती हलली की त्या टर्नला, म्हणजे त्या खेळीत, मारू शकत नाही. हे दोन नियम ज्यांनी लिहिले त्यांना खरंच दाद द्यायला पाहिजे, कारण त्यांनी डॅमेज न कापता युनिट बॅलन्स केलं. तुम्ही आधी जागा धरायची, थांबायचं, आणि समोरचा आला की ओतायचं. (सिव्ह सिक्समध्ये कोरियाची नेता असलेली सेओन्दोक राणी सातव्या शतकातली आणि ह्वाचा पंधराव्या, पण सिव्हमध्ये एवढं चालतं.)

याउलट एज ऑफ एम्पायर्स टूचा रॉकेट कार्ट घ्या. २०२५ च्या थ्री किंगडम्स या जोड-भागाबरोबर तो चिनी आणि कोरियन संस्कृतींना मँगोनेलच्या, म्हणजे दगड फेकणाऱ्या गाडीच्या, जागी आला. दिसायला सुंदर, आवाज मस्त, आणि इतक्या वर्षांनी कोरियनांना हे मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. पण काम मँगोनेलचंच. मँगोनेलच्या चौकटीत बसवलं की बॅलन्स करायला डॅमेज, रेंज आणि किंमत हेच तीन खटके उरतात आणि मग वाद कधी संपतच नाही. एज ऑफ एम्पायर्स फोरमध्येही नेस्ट ऑफ बीज (तेच मधमाश्यांचं पोळं) मँगोनेलच्याच जागी. त्यात अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल क्लॉकटॉवर या चिनी इमारतीतून काढलं तर पन्नास टक्के जास्त हेल्थ, आणि टीम गेममध्ये कुणी पाच-सहा जमवून आणली की धनुर्धाऱ्यांचा ढीग दोन व्हॉलीत (एकदम सोडलेल्या माऱ्यांत) साफ होतो. धनुर्धारी मरायलाच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर त्या गाड्या रिकाम्या असताना समोरच्याला घोडदळ घेऊन धावून जायची जी संधी मिळायला हवी, ती मिळत नाही.

कोरियातल्या हाएंगजूच्या लढाईचं उदाहरण सगळे देतात म्हणून त्यावर बोलायलाच हवं. १५९३, हान नदीकाठची टेकडी, वर लाकडी कुंपण, आत कोरियन सेनापती ग्वोन युलची दोन-तीन हजार माणसं, आणि खालून जवळपास तीस हजारांचं जपानी सैन्य, दिवसभर एकामागून एक हल्ले. टेकडी पडली नाही. आता लोक म्हणतात बघा, रॉकेटने जिंकलं. पण तिथे गाजली ती ब्योन इ-जुंगने बनवलेली ह्वाचा आणि तिच्यात रॉकेट नव्हते, चाळीस छोट्या हातनळ्या होत्या, समोर आणि दोन्ही बाजूंना तोंड केलेल्या, गोळ्या झाडणाऱ्या. म्हणजे ती लढाई रॉकेटच्या डॅमेजचा पुरावा म्हणून वापरताच येत नाही. शिकायचं असेल तर एवढंच शिका की गाडी उंचावर, कुंपणामागे, ठरलेल्या जागी उभी होती आणि शत्रू अरुंद चढावरून वर येत होता. ही जागा गेममध्ये तयार करायला खेळाडूला भाग पाडा ना.

कुणीतरी लगेच म्हणेल की म्हैसूरच्या बाणांनी, म्हणजे रॉकेटनी, १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांची काय अवस्था केली होती, बाण आपल्या मराठ्यांच्या फौजेतही होतेच. बरोबर आहे, पण म्हैसूरची नळी लोखंडाची, त्यात दारू जास्त दाबून भरता यायची म्हणून पल्ला लांब. ती रेंज उचलून तीनशे वर्षं आधीच्या कागदी नळीला देऊ नका. ते वेगळं युनिट आहे आणि ते वेगळं म्हणूनच यायला हवं.

मला हवंय ते असं. पहिली व्हॉली आत्ता आहे त्याहून जड करा, अगदी दुप्पट केली तरी चालेल, पण पसरट, म्हणजे विखुरलेल्या युनिटला फारसं काही होऊ नये. इमारतींवर जवळजवळ शून्य. चालता चालता मारणं बंद, थांबून दांडे टेकवायला दोन-तीन सेकंद. आणि रिलोड इतका लांब की पेटी रिकामी आहे हे समोरच्याला स्क्रीनवर दिसावं, भोकं मोकळी दिसावीत, माणूस बाण भरताना दिसावा. ज्या गेममध्ये मोराल (सैन्याचं मनोधैर्य) आहे तिथे घोडदळाचं मोराल या आवाजाने आणि धुराने पडलं पाहिजे. मग चांगला खेळाडू एक तुकडी मुद्दाम पुढे पाठवून व्हॉली फुकट घालवेल आणि मागून खरा हल्ला चढवेल, त्याच्याहून चांगला खेळाडू ते ओळखून व्हॉली रोखून धरेल. असं युनिट लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) आलं तर मी रोज कोरियन घेऊन खेळेन, हरलो तरी.