व्हिडिओ गेमवर मराठीत बोलायचे आहे, तेही दर शनिवारी

आज सकाळी ओळखीच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा फोन आला. मी व्हिडिओ गेमवर मराठीत साप्ताहिक पॉडकास्ट सुरू करतो आहे, हे त्यांना कोणाकडून तरी कळले होते. "अरे, चाळिशी आली तुझी, आता पोराटोरांच्या खेळांवर बडबड करणार का?" असे म्हणून ते मनसोक्त हसले, आणि बोलायचेच असेल तर नाटकावर बोल, निदान चार माणसे ऐकतील, असा सल्लाही त्यांनी दिला. वयाचा मान राखून मी "बघतो, काका" एवढेच म्हणालो. फोनवर जे गिळले ते इथे लिहितो आहे.

आपल्या बडोद्यात मराठी नाटक लागले की मध्यंतरात चहा पिता पिता नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याचा कीस पाडला जातो. 2018 साली साहित्य संमेलन इथे भरले तेव्हा तर पुढे कित्येक दिवस घराघरांत तोच विषय होता. हीच चोखंदळ मंडळी गेमचे नाव निघाले की "डोळे जातील" एवढ्या दोन शब्दांत निकाल लावून मोकळी होतात.

माझ्या आईचेही मत असेच होते. एका संध्याकाळी मी 'वेन्बा' खेळत होतो आणि ती शेजारी भाजी निवडत बसली होती. टोरांटोच्या एका छोट्या स्टुडिओने केलेला हा गेम 2023 साली आला. कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट आहे. नायिका वेन्बा हिच्या आईच्या जुन्या पाककृतींच्या वहीतली अक्षरे पुसट झाली आहेत, आणि उरलेल्या खुणांवरून तिला पदार्थ जमवायचा आहे. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोहोचेल, इथे मी अडलो होतो. आईने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "सगळ्या एकसारख्या नको लावूस, मधली फिरव. वाफेला वाट नको का?" त्यानंतर भाजी तशीच राहिली. वेन्बाचा मुलगा मोठा होतो, आईच्या भाषेपासून आणि तिच्या डब्यापासून लांब जाऊ लागतो, तेव्हा माझी आई एकदम गप्प झाली. माझी भाची आजीशी अर्धे गुजराती, अर्धे इंग्रजी बोलते. त्या संध्याकाळी आमच्या घरात यावर जेवढे बोलणे झाले, तेवढे कोणत्याही व्याख्यानमालेनंतर झालेले मला आठवत नाही. याच गेमला पुढे पदार्पणातील सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. पोराटोरांचा खेळ म्हणे!

लिहिता लिहिता राग वाढतो आहे, त्याला इलाज नाही. मार्च 2019 मध्ये आपल्याच राज्यात, राजकोटमध्ये, पोलिसांनी पबजी या गोळीबाराच्या गेमवर बंदी घातली आणि मोबाईलवर खेळताना सापडलेल्या महाविद्यालयीन मुलांना चक्क अटक केली. त्या वेळी आपल्यातल्या किती जणांना ते अयोग्य वाटले? "बरे झाले" हेच मी चहूकडून ऐकले. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने केला, त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धेत खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, वेगळे मानून मान्यताही दिली, आणि मला मात्र निरोप आले की "तुझे गेम बंद झाले!" रमीचे ॲप आणि वेन्बा यांत ज्यांना फरक दिसत नाही, त्यांनी जुगाराचा अड्डा आणि नाट्यगृह यांतही फरक करू नये.

रात्र रात्र खेळून परीक्षा बुडवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि खेळणाऱ्याच्या खिशात हात घालण्यासाठीच रचलेले गेमही पुष्कळ आहेत, हे मान्य. पण त्यातले चांगले कोणते आणि खिसेकापू कोणते, हे घरातल्या मोठ्यांना कळेल अशा भाषेत कोणीतरी सांगायला नको का?

खरे तर माझे दुखणे याहून साधे आहे. पुण्यातल्या एका स्टुडिओने 2020 साली 'राजी' नावाचा गेम केला. धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीची छाप. (पुणेकरांना कशाचाही अभिमान असतो, याचा मात्र कसा नाही, हे कोडेच आहे.) दिसायला देखणा, पण शेवट घाईत उरकलेला, असे माझे मत आहे, आणि त्यावर मराठीत कडाडून भांडायला मला माणूस मिळत नाही. इंग्रजीत भांडता येते, पण चव येत नाही. ऐकणारे थोडेच असतील, हे काकांचे म्हणणे कदाचित बरोबरही ठरेल.

तर येत्या शनिवारपासून दर आठवड्याला एक भाग. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय परीक्षण नाही, दहापैकी गुण देणे नाही, आणि सट्ट्याच्या ॲपची जाहिरात कितीही पैसे दिले तरी नाही. किंमत किती, साध्या लॅपटॉपवर चालतो का, लहान मुलांसमोर खेळता येतो का, हे मात्र प्रत्येक वेळी सांगीन. पहिला भाग वेन्बावर असून त्यात आई बोलणार आहे. दुसरा 'पेपर्स, प्लीज'वर, ज्यात आपण सीमेवरच्या नाक्यावर पासपोर्ट तपासणारे कारकून असतो आणि पगारात घर भागत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या कोणाला त्या भागात बोलावेसे वाटल्यास आनंदच आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत रिक्षांचे भोंगे थेट आत येतात. कोणाकडे बरा माइक वापराविना पडून असल्यास कृपया कळवावे, मी येऊन घेऊन जाईन.