‘अशुद्ध’ रक्त म्हणू नका
तुमच्या लेखात ‘धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध रक्त’ असं लिहिलंय, ते कृपया दुरुस्त करा. हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी, परत आणते ती शीर. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत तर कमी ऑक्सिजनचंच रक्त असते. या ‘अशुद्ध’ शब्दानं नुकसान होते. आमच्या वणी तालुक्यात कापूस वेचणाऱ्या कित्येक बायांच्या पोटऱ्यांवर निळ्या नसा फुगलेल्या असतात. माझ्या मोठ्या आईनं ‘खराब रक्त साचलं’ म्हणून तिथं चिरा मारून घेतल्या, जखम महिनाभर चिघळली. त्या फुगलेल्या निळ्या नसा म्हणजे शिराच असतात, रक्त खराब नसते. आतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचते. बायांनो, जेवणानंतर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय गाठोड्यावर ठेवून थोडं पडत जा. अन् एकच पाय अचानक सुजून दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.