चाळिशीनंतर उडीच्या शर्यतीत? ‘आता वय गेलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

इंग्लंड-आयर्लंडमधल्या हौशी स्वारांच्या अडथळा-शर्यतींबद्दल एक मत हल्ली बरंच फिरतं आहे. थोडक्यात ते असं: अडथळ्यांवरून उड्या मारत तीन मैल घोडा पळवणं हे लहानपणापासून खोगिरावर वाढलेल्यांचंच काम. चाळिशी गाठलेल्या नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. गेलाच तर हाडं मोडून घेईल, पैसा उधळेल, घोड्याचे हाल करील, आणि एवढं करून ती खरी शर्यत नसेलच. हे मत पुढे पाठवणारे लोक काळजीपोटीच पाठवतात. पण त्यामुळे अनेक जण तबेल्याच्या दारातूनच परत फिरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लहानपणी मांड बसली नाही तर पुढे कधीच बसत नाही.’

व्हिक्टोरिया पेंडलटन सायकलपटू होती. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकची सुवर्णपदकं तिच्या नावावर. घोड्यावर बसायला ती शिकली २०१५ मध्ये, वयाच्या चौतिशीत. मार्च २०१६ मध्ये ती चेल्टनहॅमच्या मैदानावर फॉक्सहंटर चेस ही अडथळा-शर्यत धावली. हौशी स्वारांची ही सर्वांत मानाची शर्यत, सव्वातीन मैलांहून लांब. ती पाचवी आली. त्याच्या काही आठवडे आधी फेकनहॅमच्या मैदानावर ती घोड्यावरून पडली होती, आणि मधल्या काळात विनकँटनला एक शर्यत जिंकलीही होती.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की ती ऑलिंपिक खेळाडू, तिच्याशी सामान्य माणसाची तुलना कशी करता? आक्षेप रास्त आहे. तिच्या मांड्यांची ताकद आणि कसलेल्या खेळाडूचं फुप्फुस सगळ्यांकडे नसतं, चोवीस तास मागे उभे असणारे प्रशिक्षकही नसतात. पण सायकलला स्वतःचं मन नसतं. घोडा काय ठरवतो आहे हे सायकल चालवून कळत नाही; ते तिला मोठेपणीच, कोऱ्या पाटीवर शिकावं लागलं. आणि तिला ज्याने सर्वांत जास्त शिकवलं तो होता तिचा घोडा, पाचा दु पोल्दर. याच घोड्याने तीच शर्यत २०१७ मध्ये ब्रायनी फ्रॉस्टला आणि २०१८ मध्ये हॅरिएट टकरला जिंकून दिली. अडथळे कोळून प्यायलेला, वयाने मुरलेला घोडा नवशिक्याला मिळणं, हे या खेळातलं निम्मं शिक्षण आहे.

शिकायचं म्हणजे नेमकं काय, तेही बघू. अडथळा असतो बर्च झाडाच्या काटक्या घट्ट आवळून रचलेला, मोठ्या मैदानांवर किमान साडेचार फुटांचा. घोडा त्याच्याकडे भरधाव येतो आणि शेवटच्या तीन-चार ढांगांत स्वतःच अंतर जुळवतो, कधी ढांग आखडून, कधी लांबवून. नवखा स्वार नेमका इथे घाई करतो. उडी सुरू व्हायच्या आधीच तो मानेवर झुकतो, आणि घोड्याने ऐनवेळी एक छोटी ढांग जास्त घेतली की सरळ पुढे फेकला जातो. मुरलेला स्वार कंबर मागे ठेवून थांबतो. घोडा पलीकडे उतरताना मान लांब करतो, तेव्हा हा लगाम बोटांतून सरकू देतो, टाच खाली आणि पाऊल थोडं पुढे ठेवतो, आणि दोन ढांगांत लगाम पुन्हा गोळा करतो. हे सगळं एका श्वासात होतं. पुस्तक वाचून ते येत नाही, आणि दहाव्या वर्षी सुरुवात केली म्हणून आपोआपही येत नाही. ते येतं रोज पहाटे वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर बसून. आठवड्यातून एकदा ओळखीच्या घोड्यावर तासभर फिरणाऱ्याला ते विशीतही येणार नाही.

मोठेपणी शिकणाऱ्याला भीती जास्त वाटते, हे खरं. पण त्याला सांगितलेलं ऐकायची सवयही जास्त असते, आणि तबेल्यात त्याचा उपयोग मोठा.

‘पन्नाशीकडे झुकलेलं शरीर हे सोसूच शकत नाही.’

इथे या खेळाचे समर्थकही एक गल्लत करतात. ते लगेच डिक सॉन्डर्सचं नाव घेतात: १९८२ मध्ये ४८व्या वर्षी ग्रिटार या घोड्यावर ग्रँड नॅशनल ही इंग्लंडची सर्वांत प्रसिद्ध अडथळा-शर्यत जिंकणारा शेतकरी, हौशी स्वार. ती शर्यत जिंकणारा आजवरचा सर्वांत वयस्क स्वार तोच. किंवा जॉन थॉर्नचं: १९८१ मध्ये ५४व्या वर्षी स्पार्टन मिसाइलवर दुसरा. किंवा अमेरिकेच्या टिम ड्युरांटचं: १९६८ मध्ये ६८व्या वर्षी ग्रँड नॅशनल पूर्ण करणारा. ही सगळी उदाहरणं खरी आहेत, पण ती उशिरा शिकणाऱ्यांची नाहीत. हे लोक आधीच कसलेले स्वार होते. त्यांच्यावरून एवढंच सिद्ध होतं की उतारवयातलं शरीर चार मैलांची शर्यत पेलू शकतं. उशिरा शिकता येतं का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर वर दिलं आहे. दोन्ही एकत्र कालवले की समोरच्याला खोडायला सोपं जातं.

वजनाबद्दलचा समज तर निव्वळ चुकीचा आहे. जॉकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पन्नास-बावन्न किलोचा, बिनअडथळ्यांच्या सपाट शर्यतीतला जॉकी येतो. हंटर चेस या हौशी स्वारांच्या अडथळा-शर्यतींमध्ये घोड्यावर साधारण १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो भार असतो, खोगीर धरून. सत्तर किलोच्या आतला प्रौढ माणूस त्यात आरामात बसतो. उपाशी राहून सुकायची गरज नाही.

लागतो तो पायांचा दम. आखूड रिकिबीत, बूड खोगिराला न टेकवता सहा-सात मिनिटं राहायचं असतं; मांड्या पेटतात आणि मांड्या थकल्या की हात बिघडतात. पण हा दम चाळिशी-पन्नाशीत कमावता येतो. यांत्रिक घोड्यावर मिनिटं वाढवत नेली की आपण कुठे आहोत ते स्वच्छ कळतं. गाय डिस्नी या ब्रिटिश सैनिकाचा उजवा पाय अफगाणिस्तानात गुडघ्याखाली गेला. २०१७ मध्ये कृत्रिम पाय लावून त्याने सँडाउनच्या मैदानावर रॉयल आर्टिलरी गोल्ड कप ही अडथळा-शर्यत जिंकली. शरीर काय सोसू शकतं हे बाहेरून बघून ठरवणाऱ्यांनी जरा थांबावं, इतकंच माझं म्हणणं.

‘पडणार, आणि या वयात पडणं म्हणजे संपलंच.’

यातला पहिला शब्द शंभर टक्के खरा. व्यावसायिक जॉकीसुद्धा उडीच्या शर्यतींत साधारण पंधरा-सोळा स्वाऱ्यांमागे एकदा पडतो. हौशी स्वार त्याहून जास्त. वर ज्याचं नाव घेतलं तो जॉन थॉर्न १९८२ मध्ये एका पॉइंट-टू-पॉइंट शर्यतीत (हौशी स्वारांच्या ग्रामीण अडथळा-शर्यतीत) पडून मरण पावला, नॅशनलमध्ये दुसरा आल्यानंतर एका वर्षाच्या आत. हे लपवून कोणालाही या खेळात ओढू नये. वय वाढलं की हाड उशिरा जुळतं आणि डोक्याचा मार जास्त महागात पडतो. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने घरच्यांना हे समोर बसवून, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

पण ‘पडणार’पासून ‘संपलंच’पर्यंतची उडी चुकीची आहे. पडण्याचंही शिक्षण असतं: लगाम सोडणं, हनुवटी छातीला लावणं, अंग गोळा करून लोळणं, मागचे घोडे निघून जाईपर्यंत तसंच पडून राहणं. हेल्मेट आणि छाती-पाठीचं संरक्षक जाकीट सक्तीचं आहे. डोक्याला मार बसल्यावर ठरावीक काळ स्वारी बंद असते, आणि डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय परतता येत नाही. ड्युरांट १९६८ मध्ये वाटेत पडला होता आणि पुन्हा घोड्यावर चढून त्याने शर्यत पूर्ण केली होती. ब्रिटनमध्ये २००९ पासून असं पुन्हा चढण्यावर बंदी आहे. पडलात की त्या दिवशी ती शर्यत संपली. माझ्या मते वयस्क स्वारांसाठी झालेला हा सर्वांत चांगला बदल. पडल्यानंतरच्या त्या भोवंडलेल्या क्षणी आता जिद्दीला वावच राहत नाही.

परवानाही मागितला की मिळतो असं नाही. हौशी स्वारांना वैद्यकीय तपासणी, तंदुरुस्तीची चाचणी आणि न्यूमार्केट किंवा डॉनकास्टरच्या प्रशिक्षण संस्थेत प्रत्यक्ष स्वारीची परीक्षा यांतून जावं लागतं. शिवाय परवान्याचे दोन स्तर आहेत. आधी फक्त हौशींच्या शर्यती. व्यावसायिकांबरोबर धावायचं तर पुढचा. ही चाळणी नसती तर मीही त्या फिरणाऱ्या मताच्या बाजूने उभा राहिलो असतो. स्पेनचा ड्यूक ऑफ अल्बुर्केर्के पन्नाशी ओलांडूनही, गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलेलं असताना, १९७४ ची नॅशनल धावला आणि आठवा आला. धाडस म्हणून लोक त्याची गोष्ट सांगतात. मला तो कुणाचाही आदर्श व्हावा असं वाटत नाही.

‘हा श्रीमंतांचा नाद.’

घोडा पाळणं खर्चाचं आहे, वाद नाही. पण शर्यतीत स्वार होण्यासाठी घोडा स्वतःचा असावा लागत नाही. पहाटे घोडे फिरवायला भरवशाची माणसं तबेल्यांना कायम हवी असतात, आणि बऱ्याच हौशी स्वारांना पहिली स्वारी मिळाली ती अशीच, दोन-तीन हिवाळे लीद उपसून. चार-सहा जण मिळूनही एक घोडा ठेवतात.

‘हौशी म्हणजे लुटुपुटूची शर्यत.’

१७५२ मध्ये आयर्लंडमध्ये कॉर्नेलियस ओ’कॅलहन आणि एडमंड ब्लेक यांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेतले बांध-खंदक ओलांडत शर्यत लावली. तिथून या खेळाची नोंद सुरू होते, आणि त्यांतला एकही पैशासाठी स्वारी करणारा नव्हता. अलीकडचं बघायचं तर ग्रँड नॅशनल १९९० मध्ये मार्कस आर्मिटेज, २०२२ मध्ये सॅम वेली-कोहेन आणि २०२५ मध्ये पॅट्रिक मलिन्स यांनी जिंकली. तिघेही हौशी. अडथळे त्यांच्यासाठी बुटके केले नव्हते.

‘नवशिक्या स्वाराखाली घोड्याचे हाल होतात.’

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घोड्याला विचारून कोणी परवाना काढत नाही. कच्च्या हाताचा स्वार उतरताना लगामाला लोंबकळतो आणि हिसका घोड्याच्या तोंडाला बसतो, हे मी नाकारणार नाही. म्हणूनच नवशिक्याच्या घोड्याच्या मानेत पट्टा बांधतात; तोल गेला की लगामाऐवजी तो धरायचा. चाबकावरही कडक मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये २०२३ पासून उडीच्या शर्यतीत सातपेक्षा जास्त फटके म्हणजे नियमभंग, आणि मर्यादा फार ओलांडली तर निकालातून नाव बाद.

पण घोड्याचे खरे हाल होतात ते दमलेला असूनही त्याला पुढच्या अडथळ्यावर नेल्यामुळे, आणि ते तरणाबांड, जिंकायला आसुसलेला स्वार जास्त करतो. दम संपलेल्या घोड्याची चाल बदलते: ढांग पसरट होते, कान ढिले पडतात, आधीचा अडथळा तो पोटाने घासून ओलांडतो. अशा वेळी बाजूला वळवून त्याला थांबवणं पूर्णपणे नियमात बसतं. निकालात त्याची नोंद होते आणि कुणीही नावं ठेवत नाही. ज्याचं पोट या शर्यतीवर नाही आणि ज्याला पुढच्या शनिवारीही याच घोड्यावर बसायचं आहे, त्या पंचेचाळिशीच्या माणसाला लगाम ओढायला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.