तिसरा नंबर आणि तो कप

शाहू स्टेडियमवरची मॅच सुटली की आमची मंडळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर येतात. परवा विषय निघाला ग्रीसच्या ऑलिंपियाकोस या फुटबॉल क्लबचा. 2023-24 चा हंगाम त्यांचा सगळ्यात मोठा, कारण त्या वर्षी त्यांनी युरोपातल्या क्लबांची कॉन्फरन्स लीग जिंकली, एवढंच मी म्हणालो आणि मास्तर उसळले.

"सीझन लीगवर मोजायचा, भावा. वर्षभर घासायला लागतं तिथं. त्या वर्षी हे तिसरे. पाओक चॅम्पियन, एईके दुसरा, ग्रीक कप पनाथिनाइकोसनं नेला. घरात काय मिळालं ह्यांना? काय न्हाई."

"ते खरं हाय मास्तर, पण ते वर्ष कसं गेलं ते बघा की," मी म्हणालो. डिसेंबरात ह्याच क्लबच्या व्हॉलीबॉलच्या मॅचबाहेर एका पोलिसाला पेटती फ्लेअर लागली, त्यात तो गेला. सरकारनं दोन महिने लीगच्या मॅचेस प्रेक्षकांविना घ्यायला लावल्या. त्याच महिन्यात मार्तिनेझ या कोचची गच्छंती झाली. त्याच्या जागी आलेला कार्व्हालाल फेब्रुवारीत गेला. मग आला मेंडिलिबार, वय 62. आदल्या वर्षी असाच अर्ध्यात येऊन त्यानं स्पेनच्या सेव्हियाला युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या पायरीची स्पर्धा, जिंकून दिली होती, आणि पुढच्या ऑक्टोबरात सेव्हियानं त्याला काढलंही होतं.

मास्तरांचा दुसरा मुद्दा तयारच होता. कॉन्फरन्स लीग म्हणजे युरोपातली तिसऱ्या पायरीची स्पर्धा. तिथंही हे आले ते युरोपा लीगच्या गटात तिसरे राहून, फ्रायबुर्गकडून 5-0 खाऊन.

यावर आमचा धाकटा बोलला. तो स्वतः गोलकीपर, कट्ट्यावर फारसं बोलत नाही. "मास्तर, मकाबी तेल अवीवनं ह्यांच्या घरात, करैस्काकिसवर, 4-1नं मारलं. आठवड्यानं परतीची मॅच सर्बियात, बाच्का तोपोलाला. तिथं ह्यांनी 90 मिनिटांत 4-1 केलं, दोन्ही मॅचेसचे गोल मिळून बरोबरी, मग जादा वेळेत आणखी दोन. 6-1! तीन गोलांच्या पिछाडीवर असताना पोरांची मान वर ठेवायची म्हंजे काय असतं, ते गोलमध्ये उभारल्यावर कळतंय."

मग त्यानं फेनरबाचेची मॅच उभी केली. इस्तंबूलमध्ये दोन्ही मॅचेस मिळून 3-3, मग पेनल्टी. गोलमध्ये त्झोलाकिस, 21 वर्षांचा पोरगा. तीन पेनल्टी अडवल्या, शेवटची बोनुचीची. बोनुची म्हणजे इटलीकडून युरो जिंकलेला माणूस. धाकटा कट्ट्यावरून उठला, गुडघे वाकवले, हात पसरले आणि दाखवलं, की पाय आधी हलवायचा नाही, समोरच्याचा पाय बॉलला लागेस्तोवर दम धरायचा. फिरायला आलेल्या दोन म्हाताऱ्या थांबून बघत राहिल्या.

तिसऱ्या पायरीचं म्हणाल, तर सेमीफायनलला समोर अॅस्टन व्हिला होती, त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये चौथी. कोच उनाई एमेरी, चार वेळा युरोपा लीग जिंकलेला. तिला तिच्या घरात 4-2 आणि आपल्या घरात, पायरियसला, 2-0नं हरवलं. त्या सहातले पाच गोल एकट्या अयूब एल काबीचे. बाद फेऱ्यांत मिळून त्याचे 11 झाले. आता यात नशीब कुठं शोधायचं?

"आणि फायनल कुठं झाली?" अण्णांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. 29 मे 2024, अथेन्स, नेआ फिलाडेल्फिया. एईकेचं घर. आपल्याकडं कोल्हापुरात सगळ्या तालमी, म्हणजे आपले फुटबॉल संघ, एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळं वैऱ्याच्या अंगणात कप उचलणं म्हणजे काय, ते आपल्याला नीट कळायचं नाही. समोर इटलीची फिओरेंतिना, 0-0, जादा वेळ. 116 व्या मिनिटाला हेझेचा क्रॉस आला, एल काबीनं खाली वाकून डोकं लावलं. मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवर गोल तपासणं. तो वेळ मी रात्री घरच्यांना न उठवता मोबाइल छातीशी धरून काढला आहे. गोल धरला गेला आणि माझे डोळे भरून आले. ग्रीसच्या एकाही क्लबनं त्याआधी युरोपातला कप जिंकला नव्हता. 1971 साली पनाथिनाइकोस फायनलला लंडनच्या वेम्ब्लीपर्यंत गेले, हॉलंडच्या आयॅक्सकडून 2-0नं हरले. देशाच्या टीमनं 2004 चा युरो जिंकला, तरी क्लबांची पाटी कोरीच होती.

अण्णा म्हणाले, "एईकेचं नाव निघालं की मला 1981 आठवतं." 8 फेब्रुवारी. करैस्काकिसवर ऑलिंपियाकोसनं एईकेला 6-0नं हरवलं, लोक नाचत सात नंबरच्या गेटकडं धावले, पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. 21 माणसं गेली. आज त्या जागी लाल खुर्च्यांमध्ये काही काळ्या आहेत, त्यांचा सात हा आकडा होतो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग मास्तरच म्हणाले, "पण 2025 ला लीग आणि कप दोन्ही जिंकले, तो हंगाम मोठा. मी हेच म्हणणार." मी म्हटलं, म्हणा की. पण त्या डबलमध्ये मुझाकितिस, कोस्तुलास ही पोरं होती, आणि ती 2024 च्या एप्रिलात मिलानला 3-0नं हरवून यूथ लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या तरुण पोरांची स्पर्धा, जिंकलेल्या टीममधली. त्याच वसंतातली.

मास्तरांनी चहा सांगितला. धाकटा अजून पाय न हलवता उभा राहून बघत होता.