रिमोटवरचं लाल बटण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वायरलेस हँडव्हीलबद्दल (सीएनसी मशीनचे एक्सिस, म्हणजे सरकणारे भाग, हाताने हलवायचा रिमोट) मी छोट्या वर्कशॉपवाल्यांना उगाच घाबरवलं. वायरचं पेंडंट, म्हणजे केबलला लटकणारा तसाच कंट्रोल, पायात येतं, त्याची केबल आतून तुटते. तुमच्या भोसरीच्या सीएनसी राउटरवर (कटिंगच्या मशीनवर) रिमोट तीन वर्षं बिनतक्रार चालतोय आणि त्यावर लाल बटणही आहे.

केबलचं सगळं मान्य. मोठ्या बोरिंग मशीनवर (धातूतली भोकं मोठी करणाऱ्या) तर वायरलेसच बरं, जॉबच्या, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याच्या, पलीकडे उभं राहून टूल बघता येतं. माझं भांडण त्या लाल बटणाशी आहे.

मॅक३वर (विंडोज पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरला जो स्वस्त रिमोट लावतात, त्याचं बटण दाबल्यावर काय होतं बघा. सिग्नल हवेतून यूएसबी डोंगलला, तिथून विंडोजला, मग प्लगइनमार्फत मॅक३ला, आणि मग मॅक३ मोटर फिरवणारे पल्स थांबवणार. विंडोज हँग झालं किंवा सेल उतरला, की ते बटण शोभेचं. मशीनवरच्या मशरूम बटणाचं (इमर्जन्सी स्टॉपचं) वायरिंग नीट असेल तर दाबताक्षणी एनसी (एरवी बंद असणारा) कॉन्टॅक्ट उघडतो, कॉन्टॅक्टर (पॉवरचा मोठा स्विच) पडतो, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची पॉवर जाते. मध्ये सॉफ्टवेअर नाही. वायर तुटली तरी मशीन थांबतंच.

चांगला इंडस्ट्रियल रिमोट सतत सिग्नल पाठवत राहतो. तो ठरल्या वेळात आला नाही, तर रिसीव्हर स्वतःच रिले सोडतो, म्हणजे मशीनचं सर्किट तोडतो. सिग्नल गेला की मशीन आपोआप थांबावं, ही आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातलीच अपेक्षा आहे. शिवाय बाजूला तीन स्थितींचा एनेबल स्विच असतो. अर्धा दाबला तरच एक्सिस हलतो. सोडला तरी बंद, घाबरून गच्च आवळला तरी बंद. माणूस दचकला की यातलं काय करेल, सांगता येत नाही. (किंमत ऐकून मला शिव्या घालाल, ते वेगळं.)

तुमच्याकडे एक करून बघा. टेबल रिकामं, टूल काढलेलं, स्पिंडल बंद, एक जण मशीनवरच्या इमर्जन्सीवर हात ठेवून. कंटिन्युअस जॉगवर (थांबवेपर्यंत एक्सिस सरकत राहतो तो मोड) एक्स एक्सिस चालवा आणि चालता चालता रिमोटचा सेल काढा. स्टेप मोडवर नको. तिथे एका खटक्याचं अंतर सरकून एक्सिस तसाही थांबतो. कंटिन्युअसवर चालतच राहिला, तर रिमोट फक्त झिरो घेण्यापुरता (कामाचा सुरुवातीचा बिंदू ठरवण्यापुरता) ठेवा, तोही कमी ओव्हरराइडवर, म्हणजे कमी वेगावर. आणि नाइटच्या पोराला स्पष्ट सांगा, की रिमोटवरचं लाल बटण ही इमर्जन्सी नव्हे.

तीन वर्षांत ते बटण खऱ्या घाईत कधी दाबावं लागलं का, तेही लिहा.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेली गोष्ट: वायरचं पेंडंट मशीनपाशीच राहतं, रिमोट मात्र खिशातून चहाच्या टपरीपर्यंत जातो. एकाचा हात फिक्श्चरमध्ये (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यात) आणि रिमोट दुसऱ्याकडे, असं तुमच्याकडेही होत असणार. म्हणून हात आत घालायच्या आधी मशीनवरचं मशरूम दाबायचं, रिमोट कुणाकडेही असो. दोन राउटर शेजारी असतील तर दोन्ही रिमोटवर मशीनचा नंबर ऑइल पेंटने मोठा लिहा, स्टिकर कूलंटने निघतो.

सेल काढून बघितलंत की काय झालं ते इथेच कळवा.