हात कोणी वर करायचे?

आज चर्चमधून आल्यापासून डोकं तापलंय. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी संदेश संपता संपता विचारलं, आपल्या आयुष्यातली देवाची योजना कोणाकोणाला सापडलीय, हात वर करा. संडेस्कूलवाल्यांचे गेले, क्वायरचे गेले, एक तरुण तर उभाच राहिला. माझ्या शेजारच्या काकू, पहाटे चारला उठून कोथरूडच्या हॉस्टेलवाल्या पोरांचे डबे भरणाऱ्या, त्यांनी हात पदरात घेतला आणि मलाच म्हणतात, "आपलं काय गं, पोळ्या लाटण्यात जन्म गेला."

असा संताप आला ना!

मला आमची आईच आठवली. सरकारी दवाखान्यात आया होती. वॉर्डात एक आजोबा होते, भेटायला कुत्रं फिरकायचं नाही. नाइट ड्यूटीला ही त्यांना स्पंज करायची, पाणी आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायची, आणि नखं कापायची. म्हणायची, नखं वाढली की माणूस टाकून दिल्यासारखा दिसतो. तिच्या ड्यूटीत नखं कापणं कुठे लिहिलं होतं? साक्ष वगैरे, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, तिला चार लोकांत कधी जमलं नाही, प्रार्थनेला उभं केलं की आभार मानून बसायची.

अरे, प्रभू येशू स्वतः तिशीपर्यंत नासरेथात होता, गावात ओळख काय तर सुतार, वाचा बायबलात मार्क 6:3. प्रेषित पौल करिंथात तंबू करायचा. यापो गावात दुर्कस नावाची शिष्या वारली तेव्हा विधवांनी रडत रडत प्रेषित पेत्राला काय दाखवलं, तर तिनं शिवलेले कपडे!

वचनाची सेवाही, म्हणजे बायबल लोकांपर्यंत पोहोचवणंही लागतंच, मान्य. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या पोरींची नावं सांगा बरं एक तरी.

जाऊ दे. त्या वक्त्यांचं मन वाईट नसेल, प्रवासानं दमलेही असतील बिचारे. पण काकूंचा चेहरा मला बघवला नाही. म्हणून त्यांना आजोबांच्या नखांचं सगळं सांगितलं, तर त्या मधेच म्हणाल्या, "मग? कापायला नकोत का?" म्हणजे यांना कळतच नाही की यात सांगण्यासारखं काय आहे. आईचंही तेच. तिला कोणी देवाच्या योजनेचं विचारलं असतं ना, तर म्हणाली असती, नंतर बोलू, आधी चादरीचं ते टोक धर.